मोबिलिटी स्कूटर: नियम, रस्ता आणि देवळाचे प्रांगण



गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात एक नवे वाहन अधूनमधून दृष्टीस पडू लागले आहे. बसण्यास खुर्ची, समोर हँडल, खाली तीन किंवा चार लहान चाके, आणि आवाज जवळजवळ नाहीच. ज्यांना थोडे अंतर चालता येते, परंतु गुडघे, कंबर अथवा श्वास यांमुळे फार दूर जाता येत नाही, अशांसाठी हे वाहन असते. इंग्रजीत त्यास ‘मोबिलिटी स्कूटर’ म्हणतात आणि मराठीत तेच नाव रूढ होत आहे. बडोद्यातील अनेक मराठी कुटुंबांची मुले इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांच्याकडे चार महिने राहून आलेले आजी-आजोबा तेथे ही गाडी चालवून येतात आणि परतल्यावर साहजिकच विचारतात, की येथे का नाही? याच प्रश्नाचा पुढचा भाग देवस्थानच्या दाराशी येतो. ही गाडी प्रांगणात आणता येईल काय?

प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु त्यामागे कायदा आहे, रस्त्याची स्थिती आहे आणि वृद्धांच्या स्वाभिमानाचाही भाग आहे. शिवाय २०२४ व २०२५ या दोन वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या दोन निर्णयांमुळे तो आता केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार येथे मांडत आहोत.

प्रथम नावाचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. हल्ली ‘इलेक्ट्रिक स्कूटर’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती पेट्रोलच्या दुचाकीची जागा घेणारी, नंबर-प्लेट असलेली गाडी. मोबिलिटी स्कूटर ती नव्हे. तिचे नाते दुचाकीशी कमी आणि चाकांच्या खुर्चीशी अधिक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात अॅलन थीम या गृहस्थांनी १९६८ साली, आजारामुळे चालणे कठीण झालेल्या आपल्या घरच्या व्यक्तीसाठी अशी पहिली गाडी तयार केली आणि तिला ‘अमिगो’, म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘मित्र’, असे नाव दिले. चाकांच्या खुर्चीला मागून ढकलणारा कोणी लागतो. या गाडीला लागत नाही. तिचे सारे महत्त्व या एका गोष्टीत आहे, आणि तिच्या सुरक्षिततेचा सारा प्रश्नही येथूनच उद्भवतो. कारण ढकलणारा नसला की सावरणाराही नसतो.

या वाहनाचे नियम सर्वांत तपशीलवार बांधले आहेत ते ब्रिटनने. तेथे १९८८ साली केलेल्या नियमांनुसार अशा गाड्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग हाताने चालवायच्या खुर्च्यांचा. दुसऱ्या वर्गातील विजेची गाडी ताशी ४ मैल, म्हणजे सुमारे ६ किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही आणि ती पदपथावर चालवावयाची असते. तिसऱ्या वर्गातील गाडी रस्त्यावर ताशी ८ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरपर्यंत नेता येते. परंतु पदपथावर चढताच तिलाही ४ मैलांचीच मर्यादा लागू होते. ही तिसऱ्या वर्गाची गाडी चालविण्यास किमान १४ वर्षे वय लागते. तिची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, तिला दिवे, भोंगा व मागचे दिसण्यासाठी आरसा असावाच लागतो आणि मोटरवेवर तिला मज्जाव आहे. पदपथावर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला, हे तेथील वाहतूक-संहितेत स्पष्ट सांगितलेले आहे.

आश्चर्य वाटेल, परंतु इतक्या काटेकोर देशातही या गाडीसाठी वाहन-परवाना लागत नाही आणि विमाही सक्तीचा नाही. दृष्टीची कायदेशीर चाचणी नाही, मात्र १२.३ मीटर अंतरावरून मोटारीची नंबर-प्लेट वाचता यावी, अशी शिफारस आहे. म्हणजे तेथील व्यवस्थेने यंत्राला बांधून घातले आणि माणसाला मोकळे सोडले. यंत्राचा वेग कारखान्यातच रोखला, म्हणून चालकाची परीक्षा घेण्याची गरज त्यांना भासली नाही. या धोरणामागचा विचार आम्हांस पटतो. ज्या वृद्धाचा मोटारीचा परवाना नजरेमुळे किंवा वयामुळे संपला, त्यालाच तर या गाडीची गरज. त्याच्याकडे पुन्हा परवाना मागणे म्हणजे गाडी देऊन चाके काढून घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे मात्र याच्या उलट स्थिती आहे. येथे यंत्रही पुरते बांधलेले नाही आणि माणसालाही काही सांगितलेले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंग व्यक्तीच्या वाहनासाठी ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ असा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो काढून त्या जागी ‘अॅडॅप्टेड व्हेईकल’ असा शब्द आणला. परंतु त्याने मुख्यतः डोळ्यांसमोर धरले आहेत ते रस्त्यावर इतर मोटारींबरोबर धावणारे, अपंगांसाठी बनवलेले किंवा बदलून घेतलेले वाहन. दुसरीकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशी तरतूद आहे, की २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या मोटरचे आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे बॅटरीवरील वाहन, इतर अटी पूर्ण करून मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतलेले असल्यास, ‘मोटार वाहन’ या व्याख्येत येत नाही. पदपथावर सहा किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वृद्धाच्या खुर्चीवजा गाडीसाठी ब्रिटनप्रमाणे स्वतंत्र वर्ग या दोहोंतही नाही. परिणामी विकत घेणाऱ्याने विक्रेत्याकडून मोटरची शक्ती, सर्वाधिक वेग आणि तपासणीचा दाखला हे तिन्ही लेखी मागून घ्यावेत. ‘याला काही लागत नाही हो’ एवढ्या तोंडी आश्वासनावर घरी आणलेली गाडी अपघाताच्या दिवशी कोणत्या व्याख्येत बसेल, हे सांगता येणार नाही.

आता प्रत्यक्ष चालविण्याविषयी. हा भाग अधिक विस्ताराने सांगणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण घरोघरी गाडी येते, परंतु तिच्याबरोबर शिकविणारा येत नाही.

सर्वांत मोठा धोका असा, की ही गाडी दुचाकी चालविण्याच्या सवयीच्या नेमकी उलट वागते. आपल्या पिढीतील अनेकांनी चाळीस-चाळीस वर्षे गिअरची स्कूटर चालविली. संकट दिसताच हँडलवरचे लिव्हर आवळावयाचे, हे त्यांच्या हातात भिनलेले आहे. मोबिलिटी स्कूटरमध्ये बहुधा हँडलवरचे लिव्हर दाबले की गाडी चालते आणि सोडले की थांबते. म्हणजे घाबरून मूठ आवळली, की थांबण्याऐवजी गाडी पुढे उसळते. समोर लहान मूल असेल तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. म्हणून पहिले काही दिवस केवळ एकच सराव करावा: चालविणे नव्हे, सोडणे. मोकळ्या जागेत थोडे पुढे जावे आणि हात उचलून घ्यावा. पुन्हा जावे, पुन्हा उचलावा. धोक्याच्या क्षणी बोटे आपोआप उघडतील, इतका तो सराव व्हावयास हवा. कमाटी बागेसारखी सपाट व मोकळी जागा, पहाटेची वेळ आणि शेजारून चालणारे घरातील एक माणूस एवढे मिळाले तर फारच उत्तम.

लिव्हर सोडल्यावर बहुतेक गाड्यांत विद्युत-चुंबकीय ब्रेक आपोआप लागतो. परंतु गाडी हाताने ढकलता यावी म्हणून मागच्या बाजूस एक खटका असतो. तो ‘मोकळ्या’ स्थितीत असला की मोटर सुटते आणि हा ब्रेकही सुटतो. उतारावर हा खटका चुकूनही मोकळा करू नये आणि बसण्यापूर्वी तो जागेवर आहे ना, हे हात लावून पाहावे. बसताना व उतरताना किल्ली काढलेली असावी. उठण्यासाठी आधार म्हणून हँडलवर भार दिला आणि त्याच वेळी अंगठा लिव्हरवर पडला, की अर्धवट उठलेला माणूस आणि चालू लागलेली गाडी अशी अवस्था होते. फिरती खुर्ची असल्यास ती खट् असा आवाज होऊन अडकल्याशिवाय तीवर वजन टाकू नये.

वेग ठरविण्यासाठी हँडलजवळ एक चकती असते. पुष्कळ गाड्यांवर तिच्या एका टोकास कासवाचे व दुसऱ्या टोकास सशाचे चित्र काढलेले आढळते. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट परदेशी कारखानदारांनाही ठाऊक आहे, हे पाहून गंमत वाटते. गर्दीत चकती कासवाकडेच असावी. यामागे साधा हिशेब आहे. ताशी ६ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १.७ मीटर सरकते. १२ किलोमीटरला सुमारे ३.३ मीटर. समोरचे दिसून हात सुटेपर्यंत वृद्ध व्यक्तीला सहज एक सेकंद लागतो, आणि तोवर ब्रेक लागलेलाच नसतो. त्यातून १०० किलोची गाडी व ७० किलोचा माणूस मिळून १७० किलोचा भार होतो, आणि वेग दुप्पट झाला की आघाताचा जोर चौपट होतो. पायी चालणाऱ्याच्या घोट्यावर हा भार आला, तर गाडी ‘हळूच’ होती हे समाधान उपयोगाचे नाही.

उलटण्याचा विचार चाकांपासून सुरू होतो. तीन चाकांची गाडी अरुंद जागेत सहज वळते, म्हणून दुकानात व घरात सोयीची. परंतु वेगात वळविली किंवा आडव्या उतारावर नेली तर ती लवकर कलंडते. आपल्या खडबडीत रस्त्यांसाठी चार चाकांचीच घ्यावी असे आमचे मत आहे. चढ किंवा उतार नेहमी सरळ रेषेत पार करावा, तिरपा नव्हे. चढताना अंग किंचित पुढे झुकवावे. पायरी किंवा पदपथाची कड ओलांडायची झाल्यास समोरून काटकोनात जावे, म्हणजे दोन्ही पुढची चाके एकाच वेळी टेकतील. आणि गाडीच्या पुस्तिकेत जितकी उंची दिली असेल त्याहून उंच कडेच्या वाट्यास जाऊच नये. पाठीमागच्या टेकूला बाजाराची जड पिशवी लटकविण्याची सवय सर्वांना असते. त्यामुळे भार मागे जातो आणि चढावर पुढची चाके हलकी होतात. पिशवी पुढच्या टोपलीतच ठेवावी. तसेच नातवंडाला मांडीवर घेण्याचा मोह आवरावा. भाराची मर्यादा हे एक कारण झाले. दुसरे असे, की मुलाचा हात प्रथम जातो तो हँडलवरच्या लिव्हरकडेच.

आपल्या वेषाचाही विचार परदेशी पुस्तिकांत सापडणार नाही. नऊवारीचा काठ, साडीचा पदर, धोतराचा सोगा आणि खांद्यावरचे उपरणे ही चारही वस्त्रे मागच्या चाकांत जाण्याजोगी असतात. बसल्यावर ती मांडीखाली नीट खोचून घ्यावीत. मोतीबिंदू, मान न वळणे, मधुमेहात साखर अचानक उतरणे, गुंगी आणणारी औषधे यांपैकी काही असल्यास गाडी घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मान वळत नसेल तर दोन्ही बाजूंस आरसे लावून घेणे हा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.

एवढी दक्षता घेऊनही प्रश्न उरतो तो रस्त्याचा. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यात सायंकाळी जाऊन पाहावे: पदपथ कोठे सुरू होतो आणि दुकानाची पायरी कोठे संपते, हे शोधावे लागते. उभ्या केलेल्या दुचाकी, पथाऱ्या, उघडी झाकणे. म्हणून ही गाडी मुख्य रस्त्यावर उतरते आणि ताशी सहा किलोमीटरने रिक्षा व बस यांच्या मध्ये सापडते. येथे चालकाला सावध राहा असे सांगणे अपुरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी रस्ते-सुरक्षेच्या प्रकरणात असे स्पष्ट केले, की योग्य पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पदपथ अपंग व्यक्तींनाही वापरता येण्याजोगे असले पाहिजेत आणि त्यांवरील अतिक्रमणे हटविली पाहिजेत. राज्यांनी यासाठी मार्गदर्शक सूचना कराव्यात, असाही आदेश दिला. येथे एक बारीक परंतु कळीची गोष्ट नमूद करावीशी वाटते. दुचाकीस्वारांनी पदपथावर चढू नये म्हणून ठिकठिकाणी तोंडाशी खांब रोवतात. हेतू चांगला, परंतु ते इतके जवळ रोवले जातात की चाकांची खुर्चीही आत शिरत नाही. ज्यांच्यासाठी पदपथ मोकळा करावयाचा, तेच बाहेर राहतात. आपल्या प्रभागात असे खांब दिसल्यास मोजमाप व छायाचित्रासह महानगरपालिकेकडे अर्ज द्यावा.

आता देवळाच्या प्रांगणाविषयी. येथे दोन्ही पक्षांचे म्हणणे प्रामाणिक आहे. काहींना वाटते की उत्सवाच्या दाटीत गाडी आणणे धोक्याचे, आणि रस्त्यावरची चाके पवित्र जागी नेणे अयोग्य. काहींना वाटते की ज्या वृद्धाने आयुष्यभर पालखीला खांदा दिला, त्याला केवळ पाय थकले म्हणून फाटकाबाहेर थांबविणे हे त्याहून अयोग्य. कायद्याचे म्हणणे मात्र संदिग्ध नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी लोक जेथे येतात त्या इमारतींचा स्पष्ट समावेश आहे, मग ती खासगी मालकीची असो वा सरकारी. जुन्या इमारतीही सुगम करून घेण्यासाठी नियम जाहीर झाल्यापासून ५ वर्षांची मुदत होती; नियम जून २०१७ मध्ये आले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुगमतेची मानके केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि केंद्र सरकारने ३ महिन्यांत बंधनकारक मानके करावीत असे सांगितले. ‘सवडीने पाहू’ हे उत्तर देण्याचा काळ विश्वस्त मंडळांसाठी सरला आहे.

परंतु सुगम म्हणजे दारात फळी टाकणे नव्हे. रॅम्पचा उतार १ ला १२ हून तीव्र नसावा, हे सर्वमान्य प्रमाण आहे. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. ६० सेंटिमीटर उंचीच्या जोत्यासाठी ७.२ मीटर, शिवाय वर व खाली गाडी वळण्यापुरती सपाट जागा. दोन फूट लांब फळीवरून पायरी चढविली, तर उतार त्याच्या तिपटीहून तीव्र होतो, आणि मागे भार असलेली गाडी तेथेच उलटते. अशी फळी नसलेली बरी. कठडा, खडबडीत पृष्ठभाग आणि पावसाळ्यात शेवाळ न धरणारा दगड, हेही रॅम्पच्या खर्चातच धरावे.

आमचे मत असे, की स्कूटर प्रांगणापर्यंत यावी आणि सभामंडपाच्या दाराशी ती उभी करून आत जाण्यासाठी देवस्थानने स्वतःच्या दोन-तीन चाकांच्या खुर्च्या ठेवाव्यात. त्यांची चाके बाहेर जातच नाहीत, त्यामुळे शुचितेची शंका उरत नाही. आणि मंडपातील गर्दीत मोटर चालू राहत नाही, त्यामुळे धोक्याचीही नाही. ज्यांना एका आसनावरून दुसऱ्यावर बसणे शक्य नाही, त्यांच्यासाठी चाके पुसून, कासवाच्या गतीने, सोबत एक स्वयंसेवक देऊन गाडीच आत न्यावी. स्वयंसेवकांनी एवढे लक्षात ठेवावे, की न विचारता गाडीला किंवा खुर्चीला हात लावू नये. मदतीच्या उत्साहात मागून ढकललेली मोटरची गाडी चालकाच्या हातातून सुटते, आणि बसलेल्याचा मानही. आरतीच्या वेळी घंटा व झांजांच्या गजरात भोंगा ऐकू येत नाही आणि गाडीला स्वतःचा आवाज नसतोच; त्या अर्ध्या तासात गाडी एका जागी उभी असावी.

शेवटी बॅटरीविषयी. चार्जर कारखान्याने दिलेलाच वापरावा. लिथियम बॅटरीला क्वचितच, परंतु लागली तर फार वेगाने आग लागते. म्हणून जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर गाडी चार्जिंगला लावू नये. भक्तनिवासातील मुक्कामी मंडळींनी हे विशेष पाळावे, कारण तेथील बोळ हीच बाहेर पडण्याची वाट असते. बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये, आणि पुस्तिकेत दिलेले अंतर सपाट रस्त्यासाठी असते हे जाणून त्याच्या निम्म्यावरच परतीचा विचार करावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हाची स्थिती सर्वांना स्मरत असेलच. या गाडीची मोटर व जोडण्या चाकांच्या उंचीवरच असतात. पाणी साचलेल्या रस्त्यावर ती नेऊ नये, आणि पाण्यात भिजलेली गाडी वाळली असे वाटले तरी जाणकाराने उघडून पाहिल्याशिवाय चार्जिंगला जोडू नये.